धूळ मोजा, माणसं मोजा : ॲस्बेस्टॉसमुक्त महाराष्ट्रासाठी जाहीरनामा

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दुपारच्या काही तासांत गावंच्या गावं उघडी पडली. नळे उडाले, कौलं फुटली, पत्रे माडांच्या झावळ्यांत जाऊन अडकले. पाऊस डोक्यावर होता. ज्याला जे मिळालं ते त्याने घरावर चढवलं, आणि पुष्कळांना मिळाला तो सिमेंटचा पत्रा. आमच्यातली एकजण तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात आपल्या माहेरी मदतीला गेली होती. तिने पाहिलेलं ते सांगायला हवं, कारण आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

अंगणात पत्र्यांची थप्पी. मिस्त्रीच्या हाताखालचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पायाखाली पत्रा दाबून त्यावर ग्राइंडर चालवत होता. पातं पन्हळीवरून फिरलं की कर्कश आवाज व्हायचा आणि पिठाच्या गिरणीत उडावा तसा पांढुरका धुरळा उडायचा. तो तुळशीवर बसला, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला, सुपातल्या तांदळावर बसला. आजी केरसुणीने झाडायची, की धूळ पुन्हा वर. ओट्यावर साचलेल्या भुकटीत तिचा नातू बोटाने आपलं नाव लिहीत बसला होता. संध्याकाळी पोरगा विहिरीवर गेला, शर्ट काढून दोनदा झटकला आणि पिशवीत कोंबला. घरी त्याची आई धुणार होती.

त्या वर्षी सगळा देश मास्क लावून फिरत होता. टीव्हीवर रात्रंदिवस फुप्फुसांची चर्चा चालली होती. पण त्या धुळीत ॲस्बेस्टॉसचे तंतू आहेत, ते एकदा छातीत गेले की राहतात, आणि त्यांचा हिशेब वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतो, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला नाही, आजीला नाही. दुकानदारालाही बहुधा ठाऊक नव्हतं. पत्रे विकणाऱ्या कारखान्याला मात्र नक्की ठाऊक होतं.

आज २८ एप्रिल. कामावर मेलेल्या आणि कामाने आजारी पडलेल्या कामगारांची आठवण जगभर याच दिवशी केली जाते. हा दिवस निवडून आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. आमच्यात मुलुंड-घाटकोपरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार आहेत, त्यांच्या बायका आणि मुली आहेत, पत्रे बसवणारे दोन मिस्त्री आहेत, मुंबईच्या दारूखाना भागात जहाजं तोडलेला एक गॅसकटर आहे, एक परिचारिका आणि शाळेतले तीन शिक्षक आहेत. कोणताही पक्ष आमच्या मागे नाही.

शिक्षकांपैकी एक रसायनशास्त्र शिकवतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली तारेची जाळी तुम्हाला आठवत असेल. तिवईवर ठेवायची, वर चंचुपात्र, खाली बर्नर. त्या जाळीच्या मधोमध पांढरा गोल थर असायचा. तो ॲस्बेस्टॉसचा. जाळी जुनी झाली की तो थर खवल्याखवल्यांनी निघायचा, आणि शेवटच्या बाकावरची मुलं ते पापुद्रे नखाने खरवडायची. 'ज्योतीची उष्णता सारखी पसरवतो, जळत नाही,' एवढं आम्हाला शिकवलं गेलं, आणि आमच्या सरांनीही पुढे कित्येक वर्षं तेवढंच शिकवलं. आता ते दर वर्गात उरलेलं अर्धं वाक्य सांगतात.

ॲस्बेस्टॉस हा खडक आहे, पण असा खडक की ज्याचा कापसासारखा पिंजून धागा काढता येतो. तो धागा विणता येतो, वळता येतो, सिमेंटमध्ये कालवता येतो. तो आगीत टिकतो, कुजत नाही. ग्रीक भाषेतून आलेल्या त्याच्या नावाचा मूळ अर्थच 'न विझणारा'. वाफेच्या युगाला याहून सोयीचं काही सापडलं नसतं. बॉयलर गुंडाळायला तो, इंजिनाच्या नळ्यांना तो, गिरण्यांच्या वाफेच्या पाइपांवर तो, भट्टीवरच्या कामगाराच्या हातमोज्यांत तो, नाटकगृहाच्या आगरोधक पडद्यात तो, मोटारीच्या ब्रेकमध्ये तो. त्याने आगीपासून माणसं वाचवली, हे आम्ही नाकारत नाही. आमच्यातल्या एका बॉयलर अटेंडंटने आयुष्यभर ॲस्बेस्टॉसची दोरी हाताने वळून झडपांच्या ग्लँडमध्ये भरली, आणि तिच्यामुळे भाजलो नाही, असं ते आजही सांगतात. आज त्यांना जिन्याच्या आठ पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं.

कारण ज्या गुणासाठी हा दगड डोक्यावर घेतला, तोच गुण छातीत घात करतो. त्याचा तंतू उभा चिरत जातो, आणखी बारीक, आणखी बारीक, डोळ्याला दिसेनासा होईपर्यंत. हवेत तो तासन्‌तास तरंगतो. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब असतो. गिळता येत नाही, विरघळवता येत नाही. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, त्याही मरतात, आणि त्या न संपणाऱ्या झटापटीत फुप्फुसावर व्रण चढत जातात. मऊ स्पंजाचा राठ काथ्या होतो. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराला होणारा मेसोथेलिओमा होऊ शकतो. मेसोथेलिओमाचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉसच आहे, आणि त्याचं निदान झाल्यावर माणूस बहुधा वर्ष-दीड वर्षच राहतो. ज्याच्या छातीत हे तंतू आहेत त्याने विडी-सिगरेट ओढली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आमच्या सभासदांना आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो : विडी आजच सोडा.

हे ज्ञान नवं असतं तर आम्ही कुणाला दोष दिला नसता. ते शंभर वर्षांचं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत काढायची. १९२४मध्ये ती वारली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. आजारपणात तिने विम्याकडे पैसे मागितले, तर हा आजार कामामुळे झालेला, म्हणून आम्ही देत नाही, असं उत्तर आलं. कंपनीकडे मागितले, तर ॲस्बेस्टॉस विषारी नाही, म्हणून आम्हीही देत नाही. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसला नाही. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यात दगडाचे कण सापडले, आणि काही वर्षांत त्यांनीच या आजाराला नाव दिलं. १९३०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सरकारच्या पाहणीत ३६३ कामगार तपासले गेले होते. दर चौघांत एकाच्या फुप्फुसात व्रण होते. १९३१मध्ये तिथे धुळीवर कायदा आला.

आता इकडे या. त्याच १९३०च्या दशकात हिंदुस्थानात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे कारखाने उभे राहू लागले. मुलुंडला पत्र्यांचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर घाटकोपरला ब्रेक-लायनिंगचा आणि ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा कारखाना आला, तो नेली कर्शॉ जिथे काम करत होती त्याच टर्नर समूहाच्या भागीदारीत. रॉचडेलला जे १९३१मध्ये कळलं होतं, ते घाटकोपरच्या कामगाराला त्याच्या भाषेत सांगायला बोटीने किती वर्षं लागतात? आमचे काही सभासद तिथेच कामाला होते. पोती फोडून तंतू मोकळे करायचं काम ते उघड्या हातांनी करत. घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत, आणि आळीतली पोरं त्यांना 'पीठवाले काका' म्हणत.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त छळतं ते एक कोडं. भारत ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे. अलीकडच्या वर्षांत आपण दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस बाहेरून आणतो, मुख्यतः रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कामावरच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात. मग आपल्याकडचे आजारी कुठे आहेत? ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची दरवर्षी मोजदाद होते आणि तो आकडा हजारांत असतो. आपल्याकडे कुणालाही विचारा, 'आमच्याकडे तशा केसेस फारशा नाहीत,' असं उत्तर मिळतं.

आमचं उत्तर आमच्या एका सभासदाच्या वडिलांच्या फायलीत आहे. बावीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात काम, मग कारखाना बंद, मग गावी शेती. साठीला टेकल्यावर धाप सुरू झाली. सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला, डाग दिसले, टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिने. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. बरं वाटेना म्हणून पुन्हा सहा महिने. मग दम्याचा पंप. मग हृदयाच्या डॉक्टरांकडे. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली होती, छातीला नळी लावली की तळाशी करकर ऐकू यायची. हे सगळं फायलीत आहे, इंग्रजीत, चार वेगवेगळ्या अक्षरांत. पाच वर्षांच्या त्या फायलीत एक प्रश्न कुठेही नाही : तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत?

तो प्रश्न शेवटी मुंबईत कामगारांच्या आजारांची तपासणी करणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारला. तोवर उशीर झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं : श्वसनक्रिया बंद पडल्याने. मरणारा प्रत्येक माणूस शेवटी श्वास थांबूनच मरतो. मुलगी दाखला घेऊन भरपाई मागायला गेली, तर तिच्याकडे नोकरीचा पुरावा मागितला गेला. कारखान्याच्या जागी टॉवर उभे आहेत आणि हजेरीपट कुठे गेला हे कुणाला माहीत नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं : या देशात ॲस्बेस्टॉसचे रोगी नाहीत असं नाही, ते मोजलेले नाहीत. आणि ज्याला मोजलं नाही त्याच्यासाठी कायदा हलत नाही, भरपाई हलत नाही, बंदीही येत नाही. आमची लढाई मोजण्यापासून सुरू होते.

या लढाईला कायद्याचा आधार आहे, तो कुणी वाचत नाही एवढंच. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ला निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याला आदेश दिला : प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. न्यायमूर्तींना हा आजार किती उशिरा उगवतो ते कळलं होतं. तीस वर्षं उलटली. आमच्यापैकी एकाच्याही हातात आजवर अशी नोंद पडलेली नाही. ॲस्बेस्टॉसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, १९४८च्या कारखाना कायद्यात तो होता, नव्या कामगार संहितेतही आहे. आम्ही ज्या डॉक्टरांना भेटलो त्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यावर आमचा राग नाही, कारण त्यांना हे शिकवलंच गेलं नाही.

पत्रे विकणारे तीन गोष्टी सांगतात. त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिली, की आम्ही वापरतो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, सुरक्षित आहे; घातक तो निळा आणि तपकिरी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. पांढऱ्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता एकेकाळी कॅनडा होता. क्वेबेकमधल्या 'ॲस्बेस्टॉस' याच नावाच्या गावातून तो जगभर जायचा, आपल्याकडेही यायचा. ती खाण बंद पडली, २०१८मध्ये कॅनडाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आणि २०२०मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं नावच बदललं. ज्यांनी विकला त्यांना आपल्या गावाला ते नाव नकोसं झालं. अमेरिकेनेही मार्च २०२४मध्ये क्रिसोटाइलवर बंदीचा नियम केला.

दुसरी, की तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेला आहे, तो उडतच नाही. यातलं अर्धं खरं आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण दहावा हिस्सा असतो, बाकी सिमेंट आणि राख. छपरावर शांत पडलेला, न फुटलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. पण पत्रा शांत राहतो कुठे? तो कारखान्यात बनतो, टेम्पोत आदळतो, ग्राइंडरने कापला जातो, ड्रिलने भोकं पडतात, माकडं नाचतात, नारळ पडतो, पावसाने झिजतो, शेवाळ काढायला कुणी तारेच्या ब्रशने घासतो, आणि एके दिवशी वादळ येतं. निसर्गनंतर पुढच्याच वर्षी, मे २०२१मध्ये, तौक्ते आलं. पुन्हा तेच. फुटक्या पत्र्यांचे तुकडे पाणंदीतल्या खड्ड्यांत भरलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि शाळेची मुलं जातात. आगीचंही असंच. ज्याला आगरोधक म्हणून विकलं तो पत्रा झोपडपट्टीतल्या आगीत जळत नाही हे खरं, पण तापून फटाक्यासारखा फुटतो आणि तुकडे चहूकडे उडतात. अग्निशमन दलाच्या कोणत्याही जुन्या जवानाला विचारा.

तिसरी, की हे गरिबाचं छप्पर आहे. इथे आम्ही थांबून ऐकतो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर आज तेच आहे. लोखंडी पत्रा उन्हात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो, खाऱ्या वाऱ्यात गंजतो. कौलारू छपराला दरवर्षी शाकारणी लागते आणि आता ते काम करणारी माणसं मिळत नाहीत. सिमेंटचा पत्रा स्वस्त पडतो आणि वीस-पंचवीस वर्षं बघावं लागत नाही. हे सगळं मान्य. पण गरिबाला स्वस्त छप्पर हवं आहे, ॲस्बेस्टॉस त्याने कधीच मागितला नव्हता. त्याच पन्हळी पत्र्यात ॲस्बेस्टॉसऐवजी पीव्हीएसारखे कृत्रिम धागे आणि लाकडाचा लगदा घालून सिमेंटचे पत्रे बनतात; ज्या देशांनी बंदी घातली तिथे ते घराघरांवर आहेत. थोडे महाग पडतात. तो फरक सरकारने घरकुल योजनेतून आणि करातून भरून काढावा. आज तो फरक मिस्त्री आणि त्याच्या घरचे आपल्या छातीतून भरत आहेत.

सरकारच्या वागण्याची संगती आम्हाला लागत नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं आपण १९८६पासून थांबवलं. ॲस्बेस्टॉसचा कचरा आयात करायला बंदी आहे. म्हणजे आपल्या मातीतून काढायला तो धोकादायक, दुसऱ्याचा टाकाऊ घ्यायला धोकादायक, पण पोत्यांत भरून बंदरावर उतरवायला चालतो. क्रिसोटाइल विकताना धोक्याची पूर्वसूचना देऊन घेणाऱ्या देशाची संमती घ्यावी, एवढीच तरतूद घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारात करायची आहे. ती विक्रीवरची बंदीसुद्धा नाही. तिथे एकमत लागतं आणि मोजके देश वर्षानुवर्षं ते होऊ देत नाहीत. २०११मध्ये भारताने पाठिंबा दिला होता. २०१३मध्ये आपण उलटलो. का, हे लोकसभेत कुणी खडसावून विचारावं, अशी आमची आमच्या खासदारांकडे मागणी आहे.

साठहून अधिक देशांनी बंदी घातली आहे. त्यात नेपाळ आहे, २०१५पासून. श्रीलंकाही निघाला होता. पण रशियाने चहात किडा सापडल्याचं कारण सांगून चहाची खरेदी थांबवली, आणि थोड्याच दिवसांत कोलंबोने ॲस्बेस्टॉसवरची बंदी पुढे ढकलली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये आपल्या देशात बंदी घातली, तरी गोइयास राज्याच्या कायद्याच्या आधाराने तिथली खाण निर्यातीसाठी चालू राहिली. आपल्या माणसांना जे नको ते बोटीत भरलं जातं आणि बोट आपल्याकडे येते.

जहाजांची गोष्टही अशीच. २००५च्या अखेरीस 'क्लेमांसो' ही फ्रान्सची विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगकडे निघाली होती. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला अर्ध्या समुद्रातून परत बोलावलं. फ्रान्समधल्या आणि भारतातल्या कार्यकर्त्यांनी मिळून ते घडवलं. पण मुंबईच्या दारूखान्यात जुनी जहाजं तुटतच राहिली. आमच्या गॅसकटर मित्राने सांगितलं, की इंजिनरूममधल्या पाइपांवरची ती 'पांढरी रजई' हाताने फाडून काढावी लागते, तेव्हा आत धुकं पडल्यासारखं होतं. त्याच्या मुकादमाने त्याला ओला फडका दिला होता. एवढंच.

आम्ही काय मागतो, ते आता सांगतो.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी आणि ईएसआय रुग्णालयात, छातीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर एक रकाना असावा : पूर्वी केलेलं काम, ठिकाण, किती साल ते किती साल. याला पैसा लागत नाही, छापखान्यात एक ओळ वाढते. धाप आहे आणि थुंकीत जंतू नाहीत, अशा माणसाला टीबीची औषधं सुरू करण्याआधी हा रकाना भरलेला असावा. मेसोथेलिओमाची राज्यभर नोंदवही असावी आणि तिचा आकडा दरवर्षी विधिमंडळात मांडावा. बंद पडलेल्या कारखान्यांचे हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधीच्या याद्या कामगार खात्याने शोधून काढाव्यात, हयात असलेल्या प्रत्येक कामगाराची आणि त्याचे कपडे धुतलेल्या घरच्या बाईचीही मोफत तपासणी करावी. लंडनमध्ये १९६०च्या दशकातच डॉक्टरांना दिसलं होतं, की कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना नवऱ्याच्या कपड्यांवरच्या धुळीने मेसोथेलिओमा झाला. त्या बायकांना आपल्या कायद्यात नावही नाही.

शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बाजारपेठा यांवरचे पत्रे आधी काढावेत. केरळच्या मानवी हक्क आयोगाने शाळांवरचे असे पत्रे काढायला २००९मध्येच सांगितलं होतं. आपण निदान कुठल्या शाळांवर ते आहेत याची यादी तरी करावी. सरकारी कंत्राटात आणि वादळानंतरच्या मदतीत ॲस्बेस्टॉसचा पत्रा वाटणं तत्काळ थांबावं. आपत्ती व्यवस्थापनाच्या सामानात ताडपत्रीच्या शेजारी जाड प्लास्टिक, फवारणीचा पंप आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसाठी योग्य मास्क असावेत, आणि फुटके पत्रे गोळा करून पुरायला तालुक्यात एक ठरलेली, कुंपण घातलेली जागा असावी. आणि केंद्राने क्रिसोटाइलच्या आयातीवर बंदीची तारीख जाहीर करावी, कारखान्यांतल्या कामगारांच्या पर्यायी रोजगाराच्या योजनेसकट. पत्र्याच्या कारखान्यात आज राबणारा कामगार आमचा शत्रू नाही, उद्याचा आमचा सभासद आहे. त्याची नोकरी जाऊन मालक दुसऱ्या धंद्यात सुखरूप बसणार असेल, तर ती बंदी आम्हाला मान्य नाही.

हे होईल का, असं आम्हाला विचारतात. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या चैनपूर-बिशुनपूरच्या शेतकऱ्यांनी आपल्या शिवारात होऊ घातलेला ॲस्बेस्टॉसचा कारखाना थांबवला. शिकलेले वकील-डॉक्टर मागून आले, आधी गावातली माणसं रस्त्यावर बसली.

सरकारकडे मागताना स्वतःवरही काही बंधनं घालून घेत आहोत. आमच्यातले मिस्त्री यापुढे सिमेंटच्या पत्र्यावर ग्राइंडर चालवणार नाहीत. कापावाच लागला तर आधी पाण्याने भिजवून हातकरवतीने, उघड्यावर, मुलांना लांब ठेवून. जुना पत्रा हातोडीने फोडायचा नाही. भिजवायचा, बोल्ट सोडवायचे, अख्खा खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. धूळ कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडका फेकून द्यायचा. कामाचे कपडे घरी नेऊन झटकायचे नाहीत. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हे गॅरेजमध्ये ब्रेकचा ड्रम उघडून हवेच्या पाइपाने धूळ उडवणाऱ्या पोरांना आम्ही जाऊन सांगणार. ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी आज रात्री घाबरून तो उतरवायला घेऊ नये. नीट आहे तोवर त्याला हात लावू नका, भोकं पाडू नका, घासू नका. बदलायची वेळ येईल तेव्हा आम्हाला हाक मारा.

पहिलं काम मात्र तुमच्याकडे आहे, आणि त्याला आमची गरज नाही. तुमच्या घरात, वाडीत, चाळीत जे कुणी गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, बॉयलरवर, पत्र्याच्या किंवा ब्रेकच्या कारखान्यात, जहाज तोडायला होते, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठे काम केलं, कोणत्या खात्यात, किती साल ते किती साल, हाताखालून काय जायचं, सोबत कोण होतं आणि त्यातलं कोण कशाने गेलं, हे सगळं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. खाली तारीख घाला, त्यांची सही किंवा अंगठा घ्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते पान एक्स-रेच्या वर ठेवा.